दाखविणे आणि दिसणे

आपल्या भाषेत आजारी माणूस डॉक्टरकडे जातो तेव्हा तो डॉक्टरला 'दाखवतो'. "दोन दिवस अंग मोडून आलंय? मग दाखवून ये की!" असे आपण सहज म्हणतो. काय दाखवायचे हे सांगावे लागत नाही. जीभ, डोळे, पोट, नाडी, सगळा माणूसच दाखवायचा असतो. माझी आई आजारी शेजारणीला "कुणाला दाखवलंस?" असेच विचारी. लग्नाची मुलगी पाहायला मंडळी येत तेव्हा तिलाही 'दाखवीत'. शब्द तोच. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे, हे लक्षात यायला मला सत्तरी गाठावी लागली. दाखविणारा जेवढे दाखवील तेवढेच समोरच्याला दिसते. बाकीचे दिसायचे असेल तर त्याला स्वतः होऊन पाहावे लागते.

हे माझ्या लक्षात आले २०२० सालच्या मे महिन्यात, नायगावच्या बी. डी. डी. चाळीत. मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी ह्या चाळींविषयी दोन शब्द सांगायला हवेत. शंभर वर्षांपूर्वी सरकारच्या बाँबे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने कामकरी माणसांसाठी त्या नायगाव, वरळी, डिलाइल रोड आणि शिवडी येथे बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले. मजल्याच्या मधोमध बोळासारखा पॅसेज. दोन्ही अंगांना खोल्या. आणि संडास सगळ्यांचे मिळून. खोली १६० चौरस फुटांची. तिच्यातच मोरी, तिच्यातच चूल, तिच्यातच देव. मी महापालिकेच्या शाळेत बत्तीस वर्षे शिकविले, म्हणून सगळा मजला मला 'बाई' म्हणतो. माझ्या शेजारच्या खोलीत पाच माणसे राहत. सासू, सासरे, थोरला मुलगा, धाकटा मुलगा आणि थोरल्याची बायको. एप्रिलच्या अखेरीस ती बाळंत झाली आणि माणसे सहा झाली.

एरवी ती पहिलटकरीण राजापूरकडे माहेरी गेली असती. पण गाड्या बंद होत्या, जिल्ह्याच्या हद्दी बंद होत्या. तिची आई तिकडे आणि ती इकडे. सासूबाई काही वाईट बाई नव्हेत. डिंक कुठे मिळेना म्हणून त्यांनी अळिवाचे लाडू केले, खोबरे मिळविण्यासाठी मुलाला तीन ठिकाणी धाडले, सुनेच्या अंगाला तेल लावायला येणारी बाई येऊ शकत नव्हती म्हणून स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्यांनिशी बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घातले. हे मी मुद्दाम सांगते. पुढची हकीगत ऐकून कुणी सासूला दोष देईल, आणि मग आपल्याला विचार करण्यासारखे काही उरणार नाही.

रुग्णालयातून तिसऱ्या दिवशी घरी पाठविताना सांगितले होते की उगाच इकडे येऊ नका, बाराव्या दिवशी फोनवरून डॉक्टर पाहतील. घरात चित्र दिसणारा फोन एकच. तो तिच्या नवऱ्याचा. तो बसवर कंडक्टर. अत्यावश्यक कामावर जाणाऱ्यांसाठी बसगाड्या चालू होत्या, त्यामुळे तो संध्याकाळीच घरी येई. म्हणून वेळ संध्याकाळची ठरली, आणि त्या वेळी घर भरलेले होते. सासूबाईंना कमी ऐकू येते म्हणून आवाज मोठा केला होता. मी मुद्दाम ऐकत नव्हते. पण बी. डी. डी. चाळीत ऐकण्यापेक्षा न ऐकण्याला जास्त कष्ट पडतात.

डॉक्टरीणबाईंचा आवाज तरुण होता, दमलेला होता, आणि गोड होता. "ताप आहे का?" "नाही." "टाके दुखतात का?" मध्ये थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग "नाही, बरं आहे." "दूध पुरतं का बाळाला?" "हो." "कुठे दुखतं वगैरे?" "नाही." मग बाळ दाखविण्यात आले. बाळाने जांभई दिली, ती जांभई पाहून तिकडे डॉक्टरीणबाई हसल्या आणि इकडे खोली हसली. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालू ठेवा, पाणी भरपूर प्या, काही वाटले तर फोन करा. संपले. सासरे समाधानाने म्हणाले, "बघितलं हो डॉक्टरांनी."

चार दिवसांनी महापालिकेची आरोग्यसेविका मजल्यावर आली. ती काही बाळंतिणीसाठी आली नव्हती. म्हाताऱ्यांचा ताप आणि बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजणे हे तिचे काम. सासऱ्यांचे बोट चिमट्यात असताना तिची नजर कोपऱ्याकडे गेली. सून बाळाला पाजत होती. बाळ डाव्या अंगाला, आणि उजवा हात अंगापासून दूर धरलेला, जणू काखेत ओले फडके आहे. सेविका काही बोलली नाही. "वहिनी, बाळाचं नाव लिहायचं राहिलंय, जरा बाहेर या," म्हणून तिला पॅसेजमध्ये घेऊन आली. बाळाचे बारसेही अजून झाले नव्हते. तिथे तिने, त्या दिवसांत कुणी कुणाला स्पर्श करीत नसताना, हाताची मागची बाजू तिच्या कपाळाला लावली. तापमापकाचा आकडा नंतर आला.

उजव्या बाजूला गळू झाले होते. पाच दिवस ताप येत होता. त्याच रात्री तिला रुग्णालयात नेऊन चीर द्यावी लागली. पोर वाचली, बाळ वाचले, बाळाला पुढे दोन्ही बाजूंचे दूध मिळाले. आणि घरी आल्यावर, नवऱ्याने, सासूने, दिराने, पलीकडच्या खोलीतल्या मावशींनी आणि मी, प्रत्येकाने तिला एकच प्रश्न विचारला : "आधी का नाही सांगितलंस?"

तिने कुणालाच उत्तर दिले नाही. उत्तराचा अर्धा भाग आम्हांला माहीत होता. त्या मे महिन्यात 'ताप' हा शब्द उच्चारला की दाराशी माणसे येत, तपासणी होई, आणि माणूस उचलून विलगीकरणात नेला जाई. सोळा दिवसांचे मूल मागे टाकून जावे लागेल ह्या भीतीने तिने ताप गिळला. पण भीती हे एकच कारण नव्हते. दोनेक वर्षांनी, मूल बालवाडीत जाऊ लागल्यावर, ती एकदा आपण होऊन म्हणाली, "बाई, मला कुणी एकट्याने विचारलंच नाही. सगळ्यांनी मिळून विचारलं."

तेव्हापासून हा प्रश्न माझा पिच्छा सोडीत नाही. 'आधी का नाही सांगितलंस' ह्या वाक्यात प्रेम आहे, काळजी आहे. पण त्यात एक हिशेबही आहे. दुखणे तुझे, म्हणून ते सांगण्याची जबाबदारी तुझी. तू सांगितले नाहीस, म्हणून आम्हांला दिसले नाही, म्हणून आमचा दोष नाही. हा हिशेब बरोबर आहे का?

सांगणे ही वाटते तितकी सोपी गोष्ट नाही. आधी आपल्याला होते आहे ते दुखणे आहे हे कळावे लागते. पहिलटकरणीला सगळेच नवे असते. बाळंतपणात दुखायचेच, हे तिने लहानपणापासून ऐकलेले. मग त्यातले रीतसर दुखणे कुठे संपते आणि भलते कुठे सुरू होते हे तिला कोण सांगणार? कळले तरी शब्द हवा. सासऱ्यांच्या आणि दिराच्या देखत तिने कोणता शब्द वापरावा? 'छातीत दुखतं' म्हणावे तर डॉक्टर हृदय तपासायला निघतील. 'दूध दाटलंय' म्हणावे तर सासूबाई कोबीचे पान आणतील. नेमका शब्द आपल्या भाषेत आहे, पण तो भरल्या घरात मोठ्याने उच्चारता येत नाही. आणि शब्द सापडला तरी तो उच्चारायला जागा हवी. १६० चौरस फुटांत ती जागा फक्त मोरीत होती, आणि मोरीत फोन नेला असता तर सगळ्यांनी "कुणाशी बोलतेस?" म्हणून विचारले असते.

ह्यात डॉक्टरीणबाईंचे काय चुकले? मला तरी काही चुकले असे म्हणवत नाही. त्या काळात त्यांनी फोन केला हेच उपकार. पूर्वी तर हे करायलाही डॉक्टर कचरत होते, आणि त्याला कारण होते. २०१८ च्या फेब्रुवारीत रत्नागिरीला शस्त्रक्रिया होऊन बाळंत झालेली एक स्त्री घरी पाठविल्यावर आजारी पडली. डॉक्टर गावाबाहेर होते. फोनवरून औषध सांगण्यात आले. ती स्त्री गेली. त्या वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला, आणि निदान न करता औषध देणे म्हणजे गंभीर निष्काळजीपणा, अशा अर्थाची टिप्पणी केली. जामीन नाकारला म्हणजे गुन्हा शाबीत झाला असे नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पण देशभरच्या डॉक्टरांनी त्या निकालाचा धसका घेतला. फोनवर सल्ला द्यायचा की नाही हा वाद पुढे दीड-दोन वर्षे धुमसत राहिला. मग २०२० साली २५ मार्चला, म्हणजे ज्या दिवशी देश बंद झाला त्याच दिवशी, दूरवैद्यकाचे नियम जाहीर झाले. आणि १३ एप्रिलला सरकारची 'ई-संजीवनी' ही घरबसल्या डॉक्टरांशी बोलण्याची सेवा सुरू झाली. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय भागणार नाही असे वाटले तर डॉक्टरांनी रोग्याला बोलावून घ्यावे, हा निर्णय त्या नियमांनी डॉक्टरांच्याच विवेकावर सोपविला आहे. नियम चांगले आहेत. पण विवेक चालायचा तो जे दिसते त्यावर, आणि दिसणार ते जे दाखविले जाईल ते. म्हणजे आपण फिरून पहिल्या ठिकाणी आलो.

गंमत पहा. ज्या काचेवर हे सगळे दिसते तिलाही आपण 'पडदा' म्हणतो. आपल्या आज्यापणज्या ज्याच्या आड बसत तोही पडदाच. परक्या पुरुषाला बाळंतीण दाखवायची नाही म्हणून किती जिवांचे नुकसान झाले त्याची मोजदाद नाही. कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना बाळंत झाल्या आणि त्यांचे मूल दहा दिवसांत गेले. ते दुःख उराशी घेऊन ती मुलगी १८८३ साली समुद्र ओलांडून गेली आणि १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाली. त्याच १८८६ साली मुंबईत बायकांनी बायकांसाठी चालविलेले कामा रुग्णालय उघडले. त्या पिढीने पडद्याचा प्रश्न सोडविला तो पडद्याला भोक पाडून नव्हे. बाई पडद्याबाहेर येत नाही, तर पडद्याच्या आत जाऊ शकेल असा डॉक्टर तयार करा, असे त्यांनी म्हटले. ओझे बाळंतिणीच्या डोक्यावरून उचलून विद्येच्या डोक्यावर ठेवले. मला हा फार मोठा नैतिक बदल वाटतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत आनंदीबाईंचे शिक्षण येते, हा बदल येत नाही.

आणि ते ओझे पुन्हा खाली ठेवायला आपल्याला फार वेळ लागत नाही. १९८९ साली गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन खेड्यांतल्या बायकांची तपासणी करून जो निबंध 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय साप्ताहिकात छापला, तो वाचून मी पेन्शनीच्या दिवसांत एक रात्र जागून काढली होती. त्यांनी ६५० बायका तपासल्या. तक्रार होती शंभरातल्या ५५ जणींची. प्रत्यक्ष तपासल्यावर स्त्रीरोग निघाले शंभरातल्या ९२ जणींना. आणि आयुष्यात ह्यापूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या शंभरात आठ. ५५ आणि ९२ यांच्यामध्ये जो फरक आहे, त्यात माझी शेजारीण बसली आहे. तक्रार नाही म्हणजे दुखणे नाही, असे धरून चालणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेला ती कधीच दिसणार नाही. मग ती व्यवस्था तारेवरून चालो की टेबलामागून.

ह्याच दांपत्याने पुढे गावच्याच बायकांना शिकवून घरोघर पाठविले. त्यांच्या भेटींनी नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले, हे १९९९ साली त्यांनी जगाला दाखवून दिले. २०११ पासून देशभर आशाताई जातात त्या ह्याच वाटेने. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. ह्या तारखांमधली खुबी अशी की त्यांना आमंत्रण लागत नाही. बाळंतीण बरी असो की नसो, तिने बोलाविलेले असो की नसो, चौदाव्या दिवशी कुणीतरी उंबऱ्याशी येते. आपल्या जुन्या रिवाजातही हे थोडेसे होते. पाचवीला बायका येत, बाराव्याला येत, तेल लावणारी रोज येई आणि तिच्या हाताखालून अंगाचा कोणताही भाग सुटत नसे. मात्र जुन्याचे गोडवे मी गाणार नाही. त्याच रिवाजाने बाळंतिणीला विटाळशी म्हणून अंधाऱ्या खोलीत धुराने घुसमटविले आहे, आणि नाळ कापायला जे हाती लागेल ते वापरले आहे. मला फक्त त्यातले न बोलाविता येणे हवे आहे.

इथवर मी लिहिले आणि माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला वाचून दाखविले. ती आता स्त्रियांची डॉक्टर आहे. तिने मला चांगलेच झापले. "बाई, तुम्ही बायकांना लहान मुलं समजता. माझ्याकडे जव्हारहून येणारी बाई ओले टाके घेऊन चार तास एस. टी.त बसते, तिच्या नवऱ्याचा रोज बुडतो, आणि मी तिला पाच मिनिटांत 'सगळं ठीक आहे' म्हणून परत पाठवते. ती माझ्याशी फोनवर बोलली तर तुमचं काय बिघडतं?" काहीच बिघडत नाही. ती पुढे म्हणाली की बाळंतिणीचा रक्तदाब सर्वांत वर चढतो तो तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास, आणि तेव्हा ती घरी असते. फिलाडेल्फियात २०६ बायकांवर केलेला एक प्रयोग २०१८ साली छापून आला. ज्यांना दवाखान्यात येऊन रक्तदाब दाखवायला सांगितले, त्यांच्यातल्या शंभरात ४४ आल्या. ज्यांना घरी मोजायचा पट्टा देऊन आकडा संदेशाने कळवायला सांगितले, त्यांच्यातल्या ९२ जणींनी कळविला. "बोला, आता कुणाला जास्त दिसलं?" असे तिने विचारले.

मी हरले. आकड्याला लाज वाटत नाही, सासऱ्यांसमोरही तो १६० असतो. जिथे दुखण्याचा आकडा होतो तिथे तार माणसापेक्षा चांगली पाहते. मुंबईत डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ साली उभारलेल्या 'अरमान' संस्थेची 'एममित्र' ही सेवा तर याहून साधी आहे. गरोदर बाईला आणि नव्या आईला तिने निवडलेल्या वेळी साध्या फोनवर तिच्या भाषेत एक आवाज येतो आणि आता काय जपायचे ते सांगतो. तो काही विचारीत नाही, म्हणून त्याच्याशी खोटे बोलावे लागत नाही. माझ्या शेजारणीच्या कानावर 'एका बाजूला लाली, गाठ आणि ताप असेल तर ते साधे दूध दाटणे नव्हे' एवढे एक वाक्य वेळेवर पडले असते, तर निदान आपल्याला होतेय ते दुखणे आहे हे तरी तिला कळले असते.

मला आणखी एका ठिकाणी हरावे लागले, आणि ते माझ्याच घरात. माझी भाची अमेरिकेत, न्यू जर्सीला असते. ती बाळंत झाली तेव्हा माझ्या बहिणीला व्हिसा मिळाला नाही. दादरला बसून बहीण रोज सकाळी तिच्याशी पडद्यावर बोले. तासन् तास. मालिश कशी करायची, धुरी कशी द्यायची, सगळे पडद्यावरून. मला बहीण सांगे, "अगं, जवळच असल्यासारखं वाटतं." तिला रोज नात दिसत होती; मुलगी दिसत नव्हती. फोन बाळाकडे धरलेला असे आणि मुलगी फोनच्या मागे असे. त्या मुलीने महिनाभराने, रात्री दोन वाजता, बाळंतिणींसाठी सरकारने चालविलेल्या फोनवर एका अनोळखी बाईला सांगितले की मला हे मूल पाळण्यात ठेवून दार उघडून निघून जावेसे वाटते. अशी चोवीस तासांची फोनसेवा तिकडे २०२२ च्या मे महिन्यात सुरू झाली. आपल्याकडेही त्याच वर्षी ऑक्टोबरात 'टेली-मानस' सुरू झाले; क्रमांक १४४१६. दिवाळी अंकात फोन नंबर छापण्याची रीत नाही, पण हा राहू द्यावा अशी संपादकांना विनंती आहे. कारण हे अमेरिकेतले चोचले नव्हेत. गोव्यात २००२ साली छापलेल्या एका पाहणीत बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी शंभरातल्या २३ आया ह्याच खिन्नतेने ग्रासलेल्या आढळल्या होत्या, आणि मुलगी झाल्याचा घरातला विरस व नवऱ्याचा मार ही तिथली ठळक कारणे होती.

भाचीला मी नंतर विचारले, आईला का नाही सांगितलेस? विचारता विचारता माझी मीच चपापले. तोच प्रश्न माझ्या तोंडून पुन्हा आला होता. ती म्हणाली, "आई रडली असती, आणि मग मला तिची समजूत घालावी लागली असती. त्या बाईला मी दिसत नव्हते म्हणून बोलता आलं."

म्हणजे न दिसणे हेही कधी कधी औषध असते. एकीला पडद्यावर सगळे दिसत होते म्हणून तिने लपविले. दुसरीला कुणी पाहत नव्हते म्हणून ती बोलली. मग दोष तारेचा नाही आणि गुण स्पर्शाचा नाही, असे म्हणायचे का? पुरते तसेही म्हणवत नाही. कपाळाला लागलेला तो उलटा हात मला विसरता येत नाही. पण दोन्हीकडे एक गोष्ट होती. आरोग्यसेविकेने तिला पॅसेजमध्ये एकटीला गाठले. फोनवरच्या बाईने भाचीला रात्री दोन वाजता एकटीला गाठले. मी हे माझ्या डॉक्टर विद्यार्थिनीला सांगितले तेव्हा तिने थोडा विचार केला आणि म्हणाली की हल्ली फोन लागताच ती पहिला प्रश्न तब्येतीचा विचारतच नाही. "तुमच्याजवळ आत्ता कोण कोण आहे? मोकळं बोलता येतं का? नुसतं हो किंवा नाही म्हणा." नाही म्हटले तर ती दुसरी वेळ देते, आणि घरातल्या मंडळींना सांगते की तपासणीचा नियम आहे, बाईला दहा मिनिटे एकटीला बसवा. असा काही नियम नाही. मी शाळेत तिला खोटे बोलल्याबद्दल बाकावर उभे केले होते. ह्या खोट्याबद्दल करणार नाही.

आता आमच्या नायगावच्या चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. १६० फुटांच्या जागी ५०० फुटांचे घर, स्वतःचा संडास, बंद होणारे दार. ह्याचे दुःख करणारे लोक बहुधा पॅसेजच्या टोकाला बादली घेऊन रांगेत उभे राहिलेले नसतात. बाळंतिणीला दार लावून बसता येईल, फोन आत नेता येईल, ह्याचा मला आनंदच आहे. पण ती आरोग्यसेविका परवा भोईवाड्याला भेटली. म्हणाली, "ताई, जुन्या गिरणीच्या जागेवरच्या इमारतीत गेले होते. खाली पहारेकऱ्यानं वर फोन लावून विचारलं, कुणी आजारी आहे का? वरून नाही म्हणाले. मग मला सोडलंच नाही." वर एक बाळंतीण आहे हे तिला तिच्या वहीवरून माहीत होते. विचारले तर 'नाही' म्हणणार हेही तिला माहीत होते. आता ती पहारेकऱ्याशी ओळख वाढवीत आहे. त्याची बायको गरोदर आहे म्हणे.

मी सध्या भाड्याच्या घरात आहे, सातव्या मजल्यावर. गेल्या महिन्यात समोरच्या घरची सून बाळ घेऊन आली. मी लाडवांचा डबा घेऊन गेले. घरात आठ-दहा माणसे, टी.व्ही. चालू, बाळ हातोहात फिरत होते. मी "कशी आहेस गं?" म्हटले, तर सगळेच म्हणाले, "छान आहे हो, परवाच डॉक्टरांनी फोनवर बघितलं." तीही हसली. मी उठले आणि म्हटले, "मला मेलीला ही लिफ्टची बटणं कळत नाहीत. हिला जरा खालपर्यंत पाठवता का सोबतीला?" तिच्या सासूने शंकेने पाहिले, कारण मी रोज एकटीच उतरते. पण म्हातारीला कोण नाही म्हणणार? लिफ्टचे दार लागले. सात मजले उतरायला अर्धे मिनिट जेमतेम लागते. मी तेवढ्यात विचारले. ती लगेच काही बोलली नाही. खाली पोचल्यावर मी बाहेर पडले नाही, सातवे बटण दाबले. मग पुन्हा तळमजल्याचे. तिसऱ्या खेपेला, चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये कुठेतरी, तिने बोलायला सुरुवात केली.